अध्यक्षच स्ट्रायकर असेल तर त्याला बाहेर कोण काढणार?

नेरूळचा_डावखुरा | रविवार, रात्री ११.४०

मंडळी, सल्ला हवाय. मोठं झालंय, पण अर्धवट सांगितलं तर तुम्ही मलाच झापाल म्हणून सगळं लिहितो.

नेरूळला आमचा फुटबॉल क्लब आहे. नाव सांगत नाही, पाम बीचच्या अलीकडचे पलीकडचे निम्मे लोक ओळखतील. सेक्टरच्या मैदानावर रविवारी सकाळी साडेसहा ते साडेआठ आमचे, मग सीझन बॉलवाले येतात आणि आम्ही पाच मिनिटं जास्त घेतली की मुद्दाम एक फिल्डर आणून आमच्या पेनल्टी स्पॉटवर उभा करतात. असो. क्लबचे अध्यक्ष, आम्ही सगळे दादा म्हणतो, वय ५३. क्लब त्यांनीच उभा केला. गोलपोस्टचे पाइप समोर उभं राहून वेल्ड करून घेतले, रजिस्ट्रेशनसाठी खेटे त्यांनी घातले. गेल्या नवरात्रीनंतर मंडपाच्या बांबूच्या खड्ड्यात आमच्या लेफ्ट बॅकचा घोटा गेला, तेव्हा स्वतःच्या गाडीत मागे आडवा घालून त्याला नेलं आणि कोणी विचारायच्या आत प्लास्टरचे पैसे भरून मोकळे. हे आधी सांगतोय कारण माणूस वाईट नाहीये.

फक्त दादा खेळतात पण. स्ट्रायकर, दहा नंबर, पूर्ण मॅच.

टीम मी लावतो. म्हणजे कागदावर मी कोच आहे, आणि तो कागद दादांनीच सही करून दिलाय. आजची मॅच, लोकल टुर्नामेंट, क्वार्टर फायनल. एक-एक. साठाव्या मिनिटाला दादांचा चेहरा लालबुंद, बॉल आला की हात वर करून पायातच मागतात आणि गेला की कमरेवर हात ठेवून डिफेन्सला ओरडतात. मी एकोणीस वर्षांच्या पोराला वॉर्मअपला पाठवलं. पोरगं जर्सी खोचून, नडगीचे पॅड नीट करून लाइनवर उभं. रेफरीला सांगितलं, नंबराचा पुठ्ठा वर धरला, एका बाजूला हिरवा १७ दुसऱ्या बाजूला लाल १०. दादांनी बघितलं. मग हाताची पाच बोटं दाखवली. पाच मिनिटं.

रेफरीने माझ्याकडे बघितलं, मी दादांकडे, दादांनी थ्रोइन मागितला आणि खेळ सुरू. पोरगं तीन-चार मिनिटं लाइनवर उभं होतं, मग हळूच बसलं आणि लेस सोडायला लागलं. ती लेस सोडताना बघणं काही खरं नव्हतं राव.

आम्ही पेनल्टीवर जिंकलो. दादांनी त्यांची मारली, कोपऱ्यात, मस्त मारली. आता सगळे म्हणतात बघ, अनुभव. आणि पोराचा मेसेज आलाय, पुढच्या रविवारपासून क्लास आहे. सेमी पुढच्या रविवारी. काय करू?

.

कडक_चहा | रविवार, रात्री ११.५२

क्लास वगैरे काही नाहीये भाऊ, पोरगं रुसलंय.

.

जुना_वाशीकर | सोमवार, सकाळी ७.१०

यात नवीन काय आहे? क्रिकेटमध्ये ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग, तसं ज्याचं मैदान त्याची स्ट्रायकरची जागा. आपण सगळे याच नियमावर मोठे झालो. फरक एवढाच की तेव्हा बॅटवाला पण आपल्याच वयाचा असायचा आणि आऊट झाला की रडून का होईना, बाजूला व्हायचा.

.

ब्राझीलप्रेमी_ऐरोली | सोमवार, सकाळी ९.३५

डावखुरा, तुमचे दादा एकटे नाहीत, फार वरच्या लायनीत बसलेत. रोमारिओ. १९९४ चा वर्ल्ड कप ज्याच्या जिवावर ब्राझीलने नेला तो, नंतर सिनेटर झाला. २०२४ ला तो रिओच्या अमेरिका क्लबचा अध्यक्ष झाला (देश नाही, क्लबचं नाव, १९०४ चा जुना क्लब) आणि त्याच एप्रिलमध्ये त्याने स्वतःलाच खेळाडू म्हणून नोंदवून टाकलं. वय ५८. का, तर पोरगा रोमारिन्यो त्याच टीममध्ये, त्याच्याबरोबर थोड्या मॅच खेळायच्या. म्हणजे अध्यक्षांनी खेळाडूला घेतलं, खेळाडूने अध्यक्षांचे आभार मानले, सगळं एकाच खुर्चीवर.

पण मला त्याचा राग येत नाही. त्याचे वडील त्या क्लबचे कट्टर फॅन होते. ते गेल्यावर २००९ मध्ये, रिटायर झालेला असूनही, तो त्यांच्या आठवणीसाठी अमेरिकाच्या शर्टात एका मॅचला उतरला होता. असलं काही मागे असेल तर ५८ काय आणि ७० काय.

.

कडक_चहा | सोमवार, सकाळी ९.४१

हाच ना तो ज्याने हजार गोल मोजताना फ्रेंडली आणि ज्युनियरचे पण धरले होते? आमच्याकडे एक काका सोसायटीच्या गॅदरिंगचे रन पण करिअरमध्ये धरतात.

.

ब्राझीलप्रेमी_ऐरोली | सोमवार, सकाळी ९.५८

तोच. २००७ ला ब्राझीलच्याच वास्को क्लबकडून पेनल्टीवर हजारावा, त्याच्या हिशोबाने. हिशोब त्याचा, वही त्याची.

आणि रिवाल्डो राहिलाच, तो पण ब्राझीलचाच स्टार. तो मोजी मिरिम नावाच्या छोट्या क्लबचा अध्यक्ष होता आणि तिथेच खेळायचा पण. २०१४ ला रिटायर झाला, करमेना, २०१५ ला परत बूट घातले. जुलैमध्ये मकाए क्लबविरुद्ध ३-१ ने जिंकले त्यात बापाने एक मारला, पोरगा रिवाल्डिन्योने दोन. ४३ वर्षांचा अध्यक्ष आणि त्याचा पोरगा एकाच मॅचच्या स्कोअरशीटवर. डोळ्यात पाणी आणणारं आहे की नाही?

.

घोडबंदर_ट्रॅफिक | सोमवार, दुपारी १.२०

पाणी पुसून पुढचं पण सांगा ना भाऊ. त्याच सीझनच्या शेवटी मोजी मिरिम खालच्या डिव्हिजनला गेली. मकाए पण गेली, म्हणजे त्या दिवशी जिंकले ते पण बुडणाऱ्याशीच. अध्यक्षांचा फोटो छान येतो, टेबलाचा फोटो कोणी काढत नाही.

मी ठाण्यात मानपाड्याच्या बाजूला टर्फवर खेळते, सात-सातचं. आमच्याकडे अध्यक्ष नाही, ग्रुप अ‍ॅडमिन आहे, तेवढंच भोगतोय. बुकिंग त्याच्या नावावर म्हणून टीमची वाटणी तोच करतो आणि दर वेळी चांगला गोली योगायोगाने त्याच्याच बाजूला जातो.

.

पेठेतला_पोरगा | सोमवार, दुपारी २.०५

मी मूळ कोल्हापूरचा, सध्या खारघर. आमच्याकडं फुटबॉल म्हणजे तालीम. पाटाकडील, शिवाजी तरुण, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब, पेठ म्हणजेच टीम. शाहू स्टेडियमला मॅच असली की अर्धी पेठ दुकानाचं शटर खाली ओढून हजर. तालमीचा अध्यक्ष म्हणजे मोठा माणूस, पण त्यानं बूट घालून मैदानात उतरायचं? गॅलरीतनं असं काही कानावर येईल की पुढच्या गणपतीपर्यंत तोंड दाखवायला जागा राहायची नाही. आमच्याकडं पब्लिकच सब करतं भावा. तुमच्या नेरूळात प्रेक्षक किती?

.

नेरूळचा_डावखुरा | सोमवार, दुपारी २.३०

@पेठेतला_पोरगा: दोन वॉचमन, एक इडलीवाला, दादांची मिसेस आणि कुत्रा.

.

पेठेतला_पोरगा | सोमवार, दुपारी २.३१

मग अवघड हाय.

.

शिट्टीवाला | सोमवार, रात्री ९.१५

बरीच वर्षं लोकल मॅचना रेफरी म्हणून उभा राहतो म्हणून सांगतो. तुमच्या रेफरीला दोष देऊ नका, त्याने बरोबरच केलं. नियमांच्या पुस्तकात तिसरा नियम खेळाडूंचा, त्यात स्वच्छ लिहिलंय की ज्याला बदलायचं तो खेळाडू बाहेर यायला नाही म्हणाला तर खेळ चालू राहील. एवढंच. कार्ड नाही, शिक्षा नाही, काही नाही. लोकांना वाटतं पुठ्ठा वर गेला की निकाल लागला. तसं नाही, तो पुठ्ठा म्हणजे विनंती आहे. बदली तेव्हा पूर्ण होते जेव्हा आतला बाहेर आणि बाहेरचा आत येतो. बाकी कोणी कोणाचं ऐकायचं हा तुमचा घरचा मामला.

दुसरं, कोणी वरिष्ठ बाकावर बसून फार आरडाओरडा करत असेल तर त्याचा मात्र इलाज आहे, २०१९ पासून बाकावरच्या अधिकाऱ्यांना पण पिवळं-लाल दाखवता येतं. म्हणजे अध्यक्ष म्हणून बसले आणि बोलले तर मी काढू शकतो, खेळाडू म्हणून आत राहिले आणि दमले तर नाही. गंमत आहे.

तिसरं कामाचं. ग्रासरूट आणि व्हेटरन्सच्या स्पर्धेत असोसिएशनची परवानगी असेल तर रिटर्न सब चालतो, बाहेर गेलेला परत आत. तुमच्या टुर्नामेंटचा नियम बघा. असेल तर दादांना 'बाहेर' काढूच नका, 'दहा मिनिटं दम घ्या' म्हणा.

.

कडक_चहा | सोमवार, रात्री ९.२२

'दम घ्या' हाहाहा, सरकारी खात्यात याला सक्तीची रजा म्हणतात.

.

मोजे_धुणारी | मंगळवार, सकाळी ६.४५

मी फुटबॉल खेळत नाही. माझा मुलगा खेळतो, सतरा वर्षांचा, सानपाड्याला. रविवारी पाचला उठतो, बाकी सहा दिवस त्याला उठवायला ढोल लागतो. पावसाळ्यात त्याचे मोजे तीन पाण्यातून काढले तरी चौथ्यात लाल माती येते. मी हे सांगते कारण सगळे अध्यक्षांबद्दल, ब्राझीलबद्दल बोलताय, त्या लेस सोडणाऱ्या पोराबद्दल फक्त चहावाले एक ओळ बोलले.

माझा मुलगा महिनाभर असाच राखीव बसला होता. घरी आला की मी विचारायचे खेळलास का, तर म्हणायचा हो, थोडं. नंतर माझ्या लक्षात आलं की मोजे स्वच्छ आहेत.

डावखुरा, तुम्ही त्या मुलाला फोन केलात का? मेसेज नाही, फोन.

.

नेरूळचा_डावखुरा | मंगळवार, सकाळी ८.०५

नाही केला ताई. आज करतो.

.

हिशोबनीस_बेलापूर | मंगळवार, सकाळी ११.००

घटना वाचा. देशाची नाही, क्लबची. संस्था रजिस्टर करताना नियमावली जोडलेली असते, त्यात अध्यक्षाचे अधिकार लिहिलेले असतात, सभा बोलावणं, सह्या, समसमान मतं पडली तर निर्णायक मत असलं काहीबाही. 'दहा नंबरला खेळणं' कुठेच नसतं. वार्षिक सभेत एक साधा ठराव करून घ्या की मॅचच्या दिवशी टीम निवडणं आणि बदली हा कोचचा निर्णय. इतिवृत्तात लिहा, सही दादांचीच घ्या.

.

जुना_वाशीकर | मंगळवार, सकाळी ११.४०

ठराव मांडणार कोण? अनुमोदन कोण देणार? सभेनंतरची मिसळ कोण देतं? तिन्हीची उत्तरं एकच असतील तर राहू द्या.

.

ब्राझीलप्रेमी_ऐरोली | मंगळवार, दुपारी ४.१०

भारतातलं पण आहे बरं का. बायचुंग भुतिया, भारताचा माजी कॅप्टन. युनायटेड सिक्कीम क्लब त्याने काढला, सहमालक तोच आणि खेळला पण तोच, २०१२ ला आय-लीगमध्ये (तेव्हाची देशातली वरची लीग) चढले. त्याला कोण म्हणणार होतं बाहेर ये? पण तो बायचुंग होता, हा मुद्दा आहेच.

आणि केनी डॅल्ग्लिश. तो अध्यक्ष नाही, लिव्हरपूलचा प्लेयर-मॅनेजर, १९८५-८६. स्वतःची निवड स्वतः करायची असून बऱ्याचदा स्वतःला बाहेर ठेवायचा, आणि शेवटच्या दिवशी चेल्सीच्या मैदानावर लीग जिंकून देणारा गोल त्यानेच मारला. तिथे अडचण आली नाही कारण कोच पण तोच होता, स्वतःचं स्वतःला ऐकावं लागलं.

.

घोडबंदर_ट्रॅफिक | मंगळवार, दुपारी ४.२५

याच्या उलट एडगर डेव्हिड्स. इंग्लंडच्या बार्नेट क्लबला प्लेयर-कोच गेला आणि एक नंबरची जर्सी स्वतः घातली. गोलकीपर नाही, मिडफिल्डर! म्हणे आता सगळे मिडफिल्डर एक नंबर घालतील. मग ढिगाने लाल कार्डं. टीम आधीच्याच सीझनला फुटबॉल लीगमधून बाहेर पडली होती.

पण ब्रुन्सविकपुढे सगळे साधू आहेत. कोणाला माहितीये का? सुरिनामचा तेव्हाचा उपराष्ट्राध्यक्ष. २१ सप्टेंबर २०२१. इंटर मुंगोटापू क्लबचा मालक, वय ६०, होंडुरासच्या ऑलिंपियाविरुद्ध चक्क आंतरराष्ट्रीय क्लब स्पर्धेच्या मॅचमध्ये स्वतः स्ट्रायकर, स्वतः कॅप्टन, पाठीवर ६१, आणि पोरगा पण टीममध्ये. ५४ मिनिटं खेळला. ०-६ हरले. नंतर समोरच्या टीमच्या ड्रेसिंग रूममध्ये जाऊन नोटा वाटताना व्हिडिओ आला. कॉन्ककॅफने (तिकडची फुटबॉल संघटना) दोन्ही टीम स्पर्धेतून काढल्या आणि साहेबांवर तीन वर्षं बंदी. कारण पैसे. वय, वजन, वेग यावर कोणीच काही करू शकलं नाही.

.

कडक_चहा | मंगळवार, दुपारी ४.३३

त्या ५४ व्या मिनिटाला पुठ्ठा ज्याने वर धरला त्या माणसाला माझा साष्टांग नमस्कार.

.

जुना_वाशीकर | मंगळवार, संध्याकाळी ६.००

अवांतर: सुरिनाममध्ये आपल्या देशातून मजूर गेले होते, १८७३ ला पहिलं जहाज, लल्ला रूख. त्यांची पणतवंडं तिथे भोजपुरी वळणाची भाषा बोलतात. ब्रुन्सविक उपराष्ट्राध्यक्ष होता तेव्हा राष्ट्राध्यक्ष संतोखी हे त्याच मूळचे. फुटबॉलशी संबंध नाही, सांगावंसं वाटलं.

.

नेरूळचा_डावखुरा | मंगळवार, रात्री १०.५०

सगळं वाचलं. तीन गोष्टी.

पोराला फोन केला. ताई तुमचं बरोबर होतं, क्लास वगैरे नव्हता. दोन मिनिटं हो-हो करत होता, मग म्हणाला, सर मला नाही खेळवलं त्याचं काही नाही, पण माझा नंबर वर धरला आणि मग खाली घेतला ना, ते नका करू. यावर काय बोलणार. येतो म्हणालाय.

टुर्नामेंटच्या कागदात रिटर्न सब नाही, पाच बदल्या, गेला तो गेला.

आणि दादांशी बोलायला घरी जाऊन आलो. दारातच 'अरे ये ये, सेमीला त्यांचा डावा बॅक स्लो आहे, मी तिकडून घुसतो' असं सुरू झालं, पोहे आले, निघताना बॉलमध्ये हवा भरायचा नवीन पंप हातात दिला त्यांनी, आणि मी पंप घेऊन घरी. एक शब्द बोललो नाही. लाज वाटते सांगायला.

.

मोजे_धुणारी | मंगळवार, रात्री ११.०५

वहिनी मॅचला येतात म्हणालात ना?

.

नेरूळचा_डावखुरा | मंगळवार, रात्री ११.०६

येतात. का?

.

मोजे_धुणारी | मंगळवार, रात्री ११.१४

दहा नंबरची जर्सी त्याच धुतात. बाकी तुम्ही हुशार आहात.

.

शिट्टीवाला | बुधवार, सकाळी ८.३०

ताईंना दंडवत.

एक टेक्निकल सल्ला माझा पण घ्या. पुठ्ठा त्यांना आधी दाखवूच नका. हाफ टाइमला, पाणी पिताना, सगळ्यांसमोर नाही, बाजूला घेऊन सांगा की साठाव्या मिनिटाला १७ नंबर येणार. आतल्या माणसाला पुठ्ठा बघून जर कळलं तर तो नाही म्हणणारच, पन्नाशीचा असो की विशीचा. मोठमोठे खेळाडू बाटल्या फेकतात.

.

नेरूळचा_डावखुरा | रविवार, दुपारी १२.१५

अपडेट. हरलो, २-१. ते आधी सांगून टाकतो.

वहिनींशी शनिवारी बोललो. त्या एवढंच म्हणाल्या, रविवारी दुपारी मला गुडघ्याला शेक द्यावा लागतो हे त्यांनी तुम्हाला सांगितलंय का? नव्हतं सांगितलं.

हाफ टाइमला शिट्टीवाल्यांच्या सल्ल्याप्रमाणे दादांना नळाकडे घेऊन गेलो. म्हटलं दादा, साठला १७ आणतो. दादा तोंडावर पाणी मारत होते, थांबले. म्हणाले, आपण मागे असलो तर? म्हटलं तरी. पुढे असलो तर? तरी. मग म्हणाले, तुला कोच कोणी केलं? आणि हसले, पण कसं हसले ते मला सांगता येणार नाही.

साठाव्या मिनिटाला एक-शून्यने मागे. पुठ्ठा धरला तेव्हा खरंच हात थरथरत होता. दादा पलीकडच्या टचलाइनजवळ होते. बघितलं. पाच बोटं येणार असं वाटलं. नाही आली. आता नियम असा आहे की जी लाइन जवळ तिथून बाहेर जायचं, म्हणजे ते तिकडूनच बाहेर गेले, आणि पोरगं इकडून पळत आत. पोराने सत्तरच्या आसपास एक मारला पण, डाव्या बाजूने घुसून, तो डावा बॅक खरंच स्लो होता. मग शेवटी त्यांनी कॉर्नरवर मारला आणि संपलं.

पण मला सांगायचंय ते दादांचं. ते पलीकडून अख्खं मैदान फिरून गोलच्या मागून आमच्या बाकाकडे येत होते, मॅच चालू, कोणाचं लक्ष नव्हतं. कॉर्नरच्या झेंड्याजवळ थांबले. मला वाटलं गुडघा धरला. बघतो तर वाकून नवरात्रीच्या मंडपाचा एक खड्डा बघत होते. इकडून तिकडून दोन-तीन दगड आणले, आत टाकले, बुटाने माती ओढून दाबली, वर उभं राहून बघितलं. मग आले आणि पाण्याची बाटली मागितली.

.

पेठेतला_पोरगा | रविवार, दुपारी १२.४०

पोराचा गोल कसा होता ते नीट लिही की भावा, डावा पाय का उजवा?

.

नेरूळचा_डावखुरा | रविवार, दुपारी १२.५२

उजवा. पहिल्या टचला बॉल थोडा पुढे गेला होता, वाटलं गेला, पण गोली बाहेर आला आणि त्याने बाजूने सरकवला. पोस्टला लागून आत. दादा सगळ्यात आधी ओरडले, 'मी सांगितलं होतं तिकडून!' म्हणून.

.

कडक_चहा | रविवार, दुपारी १.०५

म्हणजे गोल अध्यक्षांच्याच खात्यात. रोमारिओच्या वहीत लिहा, हजार एक.

.

मोजे_धुणारी | रविवार, दुपारी १.३०

पुढच्या रविवारी टीमची यादी कोण लावणार?

.

नेरूळचा_डावखुरा | रविवार, दुपारी १.३८

मीच बहुतेक. ग्रुपवर दादांचा मेसेज आलाय आत्ता, फ्रेंडली ठरवलीय ऐरोलीच्या एका टीमशी, साडेसहा शार्प, येणाऱ्यांनी नाव टाका. पहिलं नाव त्यांनी स्वतःचंच टाकलंय, पुढे दहा नंबर, आणि त्यापुढे लिहिलंय, 'पहिला हाफ'.

ऐरोलीवाल्यांपैकी इथे कोणी आहे का?

.

ब्राझीलप्रेमी_ऐरोली | रविवार, दुपारी १.४५

आहे. आमचा पण स्ट्रायकर खजिनदार आहे. बघून घेऊ.